निळकंठ नावाचा दगड

१८ ऑगस्ट १९८५

ही डायरी सुलक्षणाने दिली. तिच्या ऑफिसात गेल्या सालची उरली होती, त्यामुळे वार सगळे चुकीचे छापलेले. आधी बसून वार खोडले. नाहीतर पुढे कोणी वाचलं तर म्हणायचं, म्हाताऱ्याला रविवारसुद्धा कळत नव्हता.

"नाना, दिवसभर काळजी करत गॅलरीत फेऱ्या घालता, त्यापेक्षा ती लिहून काढा," असं सांगून ती नाहूरला आपल्या घरी गेली. लेकीचं ऐकतोय. चौथी शिकलेल्या माणसाने काय लिहावं, ही पहिली काळजी.

दगडांचं लिहितो. आमच्या बिल्डिंगखाली लखमशीभाईंचं दाण्याचं दुकान आहे. कागदी पिशव्या उडू नयेत म्हणून ते एक दगड ठेवायचे. मेंढ्याच्या शिंगासारखा वेटोळा, वर बारीक बारीक उंचवटे, कोणी मुद्दाम कोरल्यासारखे. मी रोज बघायचो. शेवटी विचारलं, तर म्हणाले, "घेऊन जा काशीरामभाय! आमच्या कच्छमध्ये शेतात पडलेले असतात. बैल ठोकर मारतो, आम्ही शिव्या देतो." तेव्हापासून त्यांचा भाचा गावाहून येताना गोणीत चार-पाच टाकून आणतो. सुलक्षणाने तिच्या ऑफिसात विचारून सांगितलं, याला अमोनाईट म्हणतात. समुद्रातला जीव, गोगलगाईसारखं कवच असलेला, मरून त्याचा दगड झाला. कच्छला समुद्र होता म्हणे तिथे, शेताच्या जागी. हे ऐकून मला रात्री झोप लागली नाही. आपल्या मुलुंडच्या जागी पुढे काय होईल कोण जाणे.

मी जन्मभर मोझेक लादीच्या कारखान्यात पॉलिशवर होतो. घासणं तेवढं येतं. दगड भिजत घालतो, दाभणाने फटीतली माती टोकरतो, जुन्या टूथब्रशने साफ करतो, मग पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासतो. ओला केला की रंग उघडतो, असं म्हणतात.

मला तो कळत नाही. लाल, हिरवा, तपकिरी, हे मला जन्मापासून सारखेच. तरुणपणी रेल्वेत लागायला गेलो तर ठिपक्यांचं पुस्तक दाखवून परत पाठवलं. निळा मात्र दिसतो, पिवळाही दिसतो. निळ्यात माझी कधी चूक होत नाही. बाकीचे रंग माझी बायको द्रौपदी सांगते. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी दादरहून तिला हिरवी साडी आणली होती, कोणालाही न विचारता स्वतः निवडून. भीत भीत पुढे केली. तिने पदर खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "बरोब्बर हिरवी आणलीत." अजून जपून ठेवली आहे तिने.

२९ ऑगस्ट

एक दगड पुरा झाला. ओला करून द्रौपदीच्या हातात दिला. तिने बोटांनी वेटोळं चाचपलं, अंगठा कडेने सावकाश फिरवत मध्यापर्यंत नेला.

"रंग सांग."

"थांबा की. घाई कसली?" मग म्हणाली, "पोपटी हो! आणि कडेला लाल. राघूच आहे."

त्याचं नाव राघू. या आधीचे कुंकू आणि करवंद. नावं तिनेच ठेवलीत. ती गावच्या बोलीत बोलते, मी लिहिताना शाळेतली भाषा लिहितो. आमचे मास्तर कडक होते, वरूनही बघत असतील.

१२ सप्टेंबर

जेवताना भातात खडा लागला. दाढ हलली. मग दुसरा. माझ्या घासण्यातले तुकडे उडून तांदळात जात असणार. द्रौपदीला म्हटलं तर तीही म्हणाली, "तुमचेच दगड, दुसरं काय!" मी पाट उचलून गॅलरीच्या टोकाला, मोरीपाशी बसायला लागलो. पूर्वी ती तांदूळ निवडायला माझ्याशेजारी बसायची, ते आता बंद झालं.

चहा ओतताना कपात बोट बुडवून धरते. मी म्हटलं, बोट कशाला घालतेस, भाजेल. म्हणाली, गरम आहे का बघते. या वयात माणसाला नाही नाही त्या सवयी लागतात.

६ ऑक्टोबर

लखमशीभाईंच्या भाच्याने या वेळी एक मोठा आणला. सोललेल्या नारळापेक्षा मोठा. दोन्ही हातांनी उचलावा लागतो. दिवसभर नुसता धूत होतो.

द्रौपदीने मांडीवर घेतला आणि सोडेना. म्हणाली, "हा घासायचा नाही. हा देव्हाऱ्यात."

"अगं, जनावर आहे ते. समुद्रातलं."

"शाळिग्रामावर अशीच चक्रं असतात. आमच्या गावच्या देवळात आहे, भटजींनी हातात दिला होता मला, लहानपणी. अस्साच लागतो हाताला."

शाळिग्राम काळा असतो हे मलाही ठाऊक आहे. पण मी रंगाचं बोलणं म्हणजे... आता नवीनच काळजी. तो देव असेल, तर राघू, कुंकू, करवंद हेही देवच. त्यांना मी दाभणाने टोचलं, पाय लावून धरून घासलं. ते पाप कोणाच्या नावावर?

लखमशीभाईंना विचारलं. त्यांना हसू आवरेना. "काशीरामभाय, ह्याच्यावर आमच्या बकऱ्या बसतात! तुम्ही टेन्शन नका घेऊ. देवाला लागलं असतं तर पहिल्यांदा बकरीला बोलला असता."

२४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न झालं. नवरदेव थोरला, म्हणजे तोच मोठा दगड. द्रौपदीने त्याला हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या. अंतरपाट मी आणि सुलक्षणाने धरला. कुंकू लावताना द्रौपदीने ते थोरल्याला न लावता पाटालाच लावलं. सुलक्षणा तिच्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, घाईत आहे ती, सकाळपासून उपाशी.

सुलक्षणा निघताना जिन्यात म्हणाली, "नाना, आईकडे जरा लक्ष द्या."

आता लक्ष म्हणजे आणखी किती द्यायचं? दिवसभर घरातच तर असतो.

१० डिसेंबर

आज मन थाऱ्यावर नाही. एक छोटा दगड महिनाभर घासत होतो. वेटोळ्याची एकेक रेघ मोकळी झाली. माझ्या हातचा सगळ्यात चांगला. खोबरेल तेलाचं बोट फिरवून द्रौपदीला दिला आणि रंग विचारला.

तिने बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाली, "निळा आहे हो! मोराच्या मानेसारखा. याला निळकंठ म्हणा."

मी दगड उजेडात नेला. उलटासुलटा केला. निळा दिसला नाही. गॅलरीतून आभाळ बघितलं, ते निळं दिसलं. शेजाऱ्यांची बादली निळी आहे, ती दिसली. मग दगडातला निळा का दिसत नाही? तेवढे दोनच रंग देवाने ठेवले होते, त्यातलाही एक जायला लागला का?

तिला काही बोललो नाही. ती उगीच घाबरेल.

११ डिसेंबर

पुन्हा बघितला. नाही.

१५ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून ठेवायला हवं.

आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये डोळे तपासणीचं शिबिर होतं. द्रौपदीला खरं कारण सांगितलं नाही, चष्म्याचा नंबर बघायचा म्हटलं. सोबत यायलाच हवं म्हणून मागे लागलो, कारण एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती. ती नाहीच म्हणत होती. ओढतच नेली.

डॉक्टर तरुण होता. माझे डोळे पुढून मागून बघितले. मी त्याला निळकंठ खिशातून काढून दाखवला आणि म्हणालो, "यातला निळा मला दिसत नाही."

त्याने दगड बघितला, माझ्याकडे बघितलं. "आजोबा, यात निळा नाहीच आहे."

"बायको म्हणाली निळा आहे."

"कुठे आहेत त्या?"

मी बाकड्याकडे बोट केलं. द्रौपदी माझ्याऐवजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून हसत होती. डॉक्टर उठून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, हाताची बोटं तिच्यापुढे धरली, मग बॅटरीने डोळे बघितले. आणि मला म्हणाला, "तुमचे डोळे जसे जन्मापासून आहेत तसेच आहेत. आजींना कधीपासून दिसत नाही?"

मी म्हटलं, "दिसतं की तिला."

द्रौपदीचं हसणं थांबलं.

उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पुरा पिकलाय. डावा पिकत आलाय, तिला नुसत्या सावल्या दिसतात. ऑपरेशन लवकर करायला हवं, अजून थांबलात तर असलेला उजेडही जाईल, असं डॉक्टर म्हणाला. घरी येताना ती माझा हात धरून चालत होती. आठवलं, गेलं वर्षभर ती रस्त्यात माझा हात धरतेय. मला वाटायचं, म्हातारपणी माया वाढली.

१६ डिसेंबर

काल रागाने बोललो तिला. भातातले खडे, चहातलं बोट, पाटाला लावलेलं कुंकू, सगळं एकदम बाहेर आलं. "माझ्यापासून लपवलंस? का म्हणून?"

ती भाजी चिरत होती, बोटांनी मोजून मोजून. तिचं उत्तर तिच्याच बोलीत लिहितो. मास्तरांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

"तुमका सांगान काय झाला असता? माज्या आदी तुमीच आडवे पडले असतास."

एकदा तिला ताप आला होता तेव्हा डॉक्टरने आधी मलाच गोळी दिली होती.

थोड्या वेळाने विचारलं, "आणि रंग?"

"तुम्ही एवढे घासघासून विचारायला यायचात. मला दिसत नाही म्हटलं असतं तर दगड ठेवून दिले असतेत आणि पुन्हा फेऱ्या सुरू."

"पण निळा कशाला म्हणालीस? निळा तर मला दिसतो!"

"ते विसरले," ती म्हणाली. "लाल-हिरव्याचा कंटाळा आला होता. इतके दिवस घासलात तो, म्हटलं याला काहीतरी नवं देऊ."

मला हसू आलं. मग रडूही आलं. ती म्हणाली, "बघा, पडलात ना आडवे?"

२२ डिसेंबर

ऑपरेशनला ती तयार नाही. तिच्या थोरल्या बहिणीचा डोळा गावी ऑपरेशननंतर गेला, ते तिच्या मनात बसलंय. "आता सावली तरी दिसते. तुमची सावली मला ओळखता येते, सारखी हलत असते. तीही गेली तर?" सुलक्षणाने दोन तास समजावलं. मी समजवायला गेलो तर माझाच आवाज कापायला लागला. भित्र्या माणसाने धीर द्यायचा तरी कसा?

दगडांना आठवडाभर हात लावलेला नाही.

२६ डिसेंबर

द्रौपदी चिडली. "घासत का नाही बसत? तुमचा खर्र-खर्र आवाज असला की कळतं माणूस कुठे आहे ते. आता घर कसं रिकामं वाटतं."

म्हणून बसलो. पॉलिश झालेलाच राघू पुन्हा घासला.

२८ डिसेंबर

ती झोपली असताना सगळे दगड पिशवीत भरून दुकानात नेले. लखमशीभाईंना म्हटलं, खरे रंग सांगा, माझी शपथ आहे.

त्यांनी चष्मा लावला. राघू हातात घेतला. "माटी."

कुंकू? "माटी. जरा जास्त भाजलेली."

करवंद? "काशीरामभाय, मी दाणावाला आहे. चवळीच्या दहा जातींत मला फरक दिसतो. पण हे सगळे एकाच घराण्याचे. माटी, माटी आणि माटी."

निळकंठ विचारलाच नाही. पिशवी उचलून वर आलो. द्रौपदी जागी होती. "कुठे गेला होतात?" म्हटलं, खाली, वेलची आणायला. वेलची आणली नव्हती हे तिच्या लक्षात आलं असेल, पण बोलली नाही.

आता ही काळजी. देवाच्या कृपेने तिला दिसायला लागलं आणि तिने ही रांग बघितली, तर? तिच्या मनात तिथे राघू आहे, मोर आहे. आणि फळीवर नुसती माती.

३ जानेवारी १९८६

आज सकाळी पूजा झाल्यावर द्रौपदीने थोरल्याला देव्हाऱ्यातून उचललं, पुसलं आणि चाचपत गॅलरीत येऊन माझ्या पाटावर ठेवलं.

"हा कापा."

"काय?"

"सुलक्षणा सांगत होती, असे दगड मधोमध कापले की आत खोल्या निघतात. कापा. मला दिसायला लागलं तर बघायला काहीतरी नको?"

म्हणजे ती तयार झाली. ते कळायला मला वेळ लागला, कारण मी देव कापायच्या विचारानेच गार पडलो होतो. म्हटलं, "अगं, याची तू पूजा केलीस. लग्न लावलंस. मधेच तुटला तर? हे पाप..."

"मी विचारलंय त्याला. तो म्हणाला, काप."

"असं बोलला?"

"तुम्हाला ऐकू येणार नाही, तुम्ही मध्ये मध्ये बोलता." मग माझा हात शोधून तो थोरल्यावर ठेवला. "तिकडे डॉक्टर माझा डोळा कापणार. इकडे तुम्ही याला कापा. दोघांनीही हात थरथरू द्यायचा नाही. एवढं कराल का?"

हो म्हटलं. म्हटलं खरं.

९ जानेवारी

लाकडाच्या खोबणीत थोरल्याला घट्ट बसवलं. बिनदाती पोलादी पातं, त्यावर पाण्याची धार आणि दगड झिजवणारी कार्बोरंडमची पूड. पुढे, मागे. जोर द्यायचा नाही, पात्याच्या वजनानेच कापायचं. सकाळपासून नखाएवढं आत गेलं. प्रत्येक वेळी पातं ठेवताना नमस्कार करतो. पातं उचलतानाही करतो. लखमशीभाई वर येऊन बघून गेले. म्हणाले, "एवढे नमस्कार केले तर पुढच्या दिवाळीपर्यंत होईल."

हात थरथरत नाही. हे मलाच नवल आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. द्रौपदीने तिळगूळ दिला तो माझ्या नाकावर. "गोड बोला," म्हणाली, "आणि डॉक्टरसमोर तर बोलूच नका."

१९ जानेवारी

उद्या घाटकोपरच्या दवाखान्यात दाखल करायचं. सुलक्षणाने फोनवर लखमशीभाईंकडे निरोप ठेवला, आईची मऊ चॉकलेटी साडी बॅगेत टाका, तिला तीच आवडते. चॉकलेटी साडी द्रौपदीकडे नाहीच. कपाट दोनदा बघितलं. सुलक्षणाला घाईत काही आठवत नाही. मी आपली दिवाळीची हिरवी भरली.

२१ जानेवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मला बाहेर बसवलं होतं. मी कोणाला काही विचारलं नाही, उठलो नाही, नर्सला हाक मारली नाही. खिशात निळकंठ होता, त्याच्या रेघा अंगठ्याने मोजत बसलो. चुकलो की पुन्हा पहिल्यापासून.

सुलक्षणा आली, बॅग उघडून साडी बघितली आणि म्हणाली, "हां, हीच." लोकांना चूक कबूल करायची नसते.

२३ जानेवारी

दोन्ही डोळ्यांना पट्टी. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. दवाखान्याच्या खिडकीशी मी बसतो.

"बाहेर काय आहे?" तिने विचारलं.

बाहेर एक भिंत, एक नळ आणि एक झाड. पण तिने मला इतके दिवस राघू दिले, मोर दिले. भिंत आणि नळ कसा सांगू? म्हटलं, "गुलमोहर आहे. काय फुललाय! लालभडक. पानंच दिसत नाहीत."

मग तिचे ओठ हलायला लागले. "पौषात गुलमोहर?"

मी घाबरलो. "हसू नकोस! डॉक्टर म्हणालाय हसायचं नाही!"

"मग खोटं नीट बोलायला शिका," ती म्हणाली. आणि हात पुढे केला. धरून बसलो. भेटायची वेळ संपली तरी कोणी उठवलं नाही.

२ फेब्रुवारी

ती घरी आली. चष्मा अजून दीड-दोन महिन्यांनी मिळेल. तोपर्यंत डोळ्यावर हिरवी पट्टी. हिरवी आहे असं नर्स म्हणाली. रोज थेंब मी घालतो. पहिल्या दिवशी गालावर पडले. आता बरोबर पडतात.

दुपारी ती खाटेवर, मी पाटावर. खर्र, खर्र. पातं निम्म्याच्या पुढे गेलंय. मध्ये ती विचारते, "थोरला अजून अखंड आहे ना?" मी म्हणतो, "एकच आहे. तुटलेला नाही."

१६ फेब्रुवारी

आज थोरला उघडला.

पातं एकदम मोकळं झालं आणि दोन्ही अर्धे बाजूला पडले. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा आत खोल्या होत्या. एकीला लागून एक, लहान लहान होत मध्यापर्यंत गेलेल्या, मधल्या भिंती कागदासारख्या. काही खोल्यांत चमकतं आहे. रंग? पिवळा थोडा मला ओळखता आला. बाकी काय आहे ते माहीत नाही. सगळी मातीच असेल तर?

सुलक्षणा संध्याकाळी आली. बघताच म्हणाली, "अय्या नाना! हा तर..."

"गप्प!"

"अहो पण केवढा..."

"एक अक्षर बोलू नकोस. तुझ्या आईच्या आधी कोणी रंग सांगायचा नाही."

तिने तोंडावर हात धरला. डोळे मात्र भरून आले होते. ते चांगल्यासाठी की वाईटासाठी, हे विचारायचं नाही असं ठरवलं. ठरवणं सोपं असतं.

९ मार्च

घासून, पॉलिश करून झालं. दोन्ही अर्धे फडक्यात गुंडाळून ठेवलेत. दिवसातून चार वेळा फडकं बघून येतो, दगड कुठे जाणार आहे, तरी.

२३ मार्च

चष्मा मिळाला. बाटलीच्या बुडाएवढी जाड काच. द्रौपदीने हिरवी साडी नेसली होती. गॅलरीत खुर्ची मांडली, सुलक्षणाने चष्मा लावून दिला.

आधी तिने गॅलरीभर नजर फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

"अहो, तुमचं नाक एवढं मोठं कधी झालं?"

त्या काचेतून सगळं मोठं आणि जवळ दिसतं म्हणे. सुलक्षणा हसत होती. द्रौपदीने आपल्या पदराकडे बघितलं, त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हिरवी किती फिकी झाली हो." सुलक्षणा हसायची थांबली. आईकडे बघत राहिली, मग उठून चहा टाकायला आत गेली.

मी फडकं सोडलं. थोरल्याचा अर्धा भाग पाण्यात बुडवला आणि तिच्या हातात दिला. पकडताना तिचा हात पुढे गेला, हवेतच मिटला, मग दुसऱ्या खेपेला नीट पकडला. तिने तो डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. मी श्वास धरून उभा.

"रंग सांग," मी म्हटलं.

"थांबा की. घाई कसली?"

बोट तिने बाहेरच्या खोलीवर ठेवलं. "इथे माती." पुढच्या खोलीवर. "इथेही माती." मग बोट आत सरकलं. "हा मध. घट्ट झालेला, बाटलीच्या तळाला राहतो तसा. हा कोकमाचा आगळ. इथे रंगच नाही, पाणी भरून ठेवलंय. याच्यात पुन्हा मध, पण आत दिवा लावल्यासारखा. आणि या भिंती पांढऱ्या, माशाच्या काट्यासारख्या." ती एकेका खोलीत जात होती, घाई न करता. अगदी मधल्या, राईएवढ्या खोलीपर्यंत गेली. "इथे काय आहे मला दिसत नाही. दुसरा डोळा झाला की सांगेन."

दुसऱ्या डोळ्याचा विषय तिने स्वतःच काढला. मी ते ऐकून ठेवलं.

"निळा?" मी विचारलं.

"निळा कुठेच नाही."

"नाही ना? मलाही दिसला नाही," मी म्हटलं, आणि इतकं बरं वाटलं की खाली बसलो.

मग तिने फळीकडे बघितलं. मला ते नको होतं. पण ती उठली, एकेक दगड हातात घेतला. राघू, कुंकू, करवंद. डोळे मिटून चाचपायची, मग उघडून बघायची. कुंकू जाग्यावर ठेवताना त्याला नमस्कार केला, ते का कळलं नाही. शेवटी निळकंठ घेऊन ती माझ्याशेजारी पाटावर बसली.

मी म्हटलं, "मला माहीत आहे. लखमशीभाईंनी सांगितलंय."

"त्यांना काय कळतं? चवळीवाले." तिने निळकंठ माझ्या हातात दिला. "तुम्हाला कसा दिसतो?"

हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. रेल्वेवाल्यांनी विचारलं ते नापास करायला. मी दगड पाण्यात बुडवला, उजेडात धरला. बराच वेळ बघितलं. म्हटलं, "आपल्या गावच्या विहिरीच्या कडेचा चिरा आठवतो? तू पहिल्यांदा पाणी भरायला गेलीस तेव्हा कळशी तिथे टेकवली होतीस. तो भिजल्यावर कसा दिसायचा? तसा दिसतो मला हा."

तिने दगड घेतला. चष्मा सावरला, जवळ नेला, लांब नेला.

"तोच," ती म्हणाली. "अगदी तोच रंग आहे."

खरं की खोटं, विचारलं नाही. निळकंठ फळीवर ठेवला. थोरल्याचा एक अर्धा तिने देव्हाऱ्यात नेऊन ठेवला, कापलेली बाजू पुढे करून. दुसरा खिडकीत, उजेडाला. मग सुपात तांदूळ घेऊन निवडायला माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "घासा आता. किती वेळ शांत बसायचं?"